सव्वा इंच पाऊस

भर श्रावणात, समोरचं झाड दिसू नये असा पाऊस कोसळत होता आणि खंडारेबाबू कचेरीच्या व्हरांड्यात डोक्यापासून पायापर्यंत निथळत उभे होते. मी नवीन माणूस. ओळख काढावी म्हणून म्हणालो, "काय जोरदार पाऊस आहे हो!" त्यांनी चष्मा काढला, ओल्या रुमालानं तो आणखी ओला केला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "पाऊस हाये का नाही, ते आता नाही सांगता येत. उद्या सकाळी साडेआठले सांगतो."

मला वाटलं, माणूस टिंगल करतोय. दुसऱ्या दिवशी पावणेनऊला ते खरोखरच माझ्या टेबलाशी आले. "दोन इंच अकरा सेंट," ते गंभीरपणे म्हणाले. "हाव. काल पाऊस होता." आणि आपल्या जागेवर जाऊन बसले.

अमरावती जिल्ह्यातलं ते एक तालुक्याचं गाव. नाव मुद्दामच सांगत नाही. पुढे जे सांगणार आहे त्यात माझी शोभा फारशी नाही, आणि कचेरीची तर त्याहून नाही. मी तिथल्या तहसिलीत आवक-जावक कारकून म्हणून लागलो होतो. वडील अमरावतीत वकील, आजोबा याज्ञिक, आणि मी इंटरला दोनदा आपटलेला. वडिलांच्या ओळखीनं नोकरी मिळाली, तीही कच्ची. वर्षभरात काही गडबड केली नाही तर पक्की होणार होती.

खंडारेबाबू हंगाम कारकून. तालुक्यात पाऊस किती झाला, कोणतं पीक कसं उभं आहे, कीड कुठे पडली, चारा किती, मजुरांना काम आहे की नाही, हे सगळं दर शनिवारी एका लांबलचक तक्त्यात भरून अमरावतीला पाठवायचं. अमरावतीहून ते मुंबईला जाई, मुंबईहून दिल्लीला. सगळ्या देशाचं पीकपाणी कसं आहे, हे दिल्लीत कोणी मोठा साहेब एका कागदावर वाचत असणार आणि त्या कागदातला एक कोपरा आपला आहे, या विचारानं खंडारेबाबूंना जेवण गोड लागत नसे. "देशपांडे, आपण चुकलो त दिल्ली चुकते," ते म्हणत. मी म्हणे, "बाबू, दिल्लीला आपल्याशिवायही चुकता येतं." ते हसत नसत. उलट आणखी एक काळजी त्यांच्या डोक्यात घातल्यासारखं होई.

कचेरीच्या मागच्या पटांगणात, बाभळीपासून आणि भिंतीपासून नियमाप्रमाणे दूर, तारेच्या कुंपणात पाऊसमापक होता. तळहाताएवढ्या तोंडाचं एक नरसाळं आणि खाली बाटली. लोक त्याला पावसाचं भांडं म्हणत. रोज सकाळी बरोबर साडेआठला खंडारेबाबू कुंपणाचं कुलूप उघडत, बाटलीतलं पाणी काचेच्या मापात ओतत, ते माप फरशीवर ठेवत आणि मग पांढऱ्या सदऱ्यासकट मातीत पालथे पडत. डोळा पाण्याच्या रेषेला समांतर आला पाहिजे म्हणून. पंचेचाळिशीचा, कपाळाला कायम आठी असलेला एक सरकारी माणूस रोज सकाळी गावादेखत जमिनीवर पालथा पडून काचेकडे पाहतोय, हे दृश्य गावानं इतक्या वर्षांत पचवलं होतं. बाहेरचा पाहुणा आला की मात्र लोक त्याला मुद्दाम दाखवायला आणत.

त्या भांड्याचे शत्रू पुष्कळ होते. चिमण्या, बकऱ्या, शाळेतल्या पोट्ट्यांचा चेंडू, शेजारच्या घरातलं वाळत घातलेलं लुगडं. लुगड्याचे शिंतोडे वाऱ्यानं उडून सेंटभर, म्हणजे इंचाच्या शंभराव्या भागाइतका, पाऊस वाढेल, ही भीती त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात बोलून दाखवली. शेजारची ती घरमालकीण माझीच, गोदाकाकू. तिला सांगायचं काम माझ्यावर आलं. काकू म्हणाली, "माझ्या लुगड्याचं पाणी दिल्लीले जाते म्हणतोस? मंग आता सोवळ्यातलंच वाळत घालीन."

पिकाचा अंदाज तेव्हा आण्यांत करत. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक, आठ आणे म्हणजे निम्मं. बाजारात नवे पैसे आले तरी पिकाचे आणे चालूच होते आणि खंडारेबाबूंच्या जिभेवर तर ते कायमचे बसले होते. कचेरीतला चहा "सहा आणे, पाण्याचा ताण हाये." माझं अक्षर "पाच आणे, निंदण पाह्यजे." तहसीलदारसाहेबांचं पंधरा ऑगस्टचं भाषण "उगवण चौदा आणे, मंग कीड पडली." मला सांगून आलेल्या एका स्थळाचा फोटो मी त्यांना दाखवला. त्यांनी तो खिडकीपाशी नेऊन सगळ्या बाजूंनी पाहिला आणि परत दिला. "फोटोवरून आणेवारी करत नसतात, देशपांडे. वावरात जा लागते."

हीच त्यांची शिकवण. पाह्यलं तेवढंच लिहा. हे वाक्य त्यांनी माझ्यापुढे इतक्या वेळा म्हटलं की मला ते झोपेतही ऐकू येई.

वावरात ते खरोखर जात. सुट्टीच्या दिवशी मलाही सायकलवर डबलसीट ओढून नेत. ओढत मी असे आणि मागे बसून ते आभाळाची काळजी करत. वावराच्या बांधावर उभं राहून अंदाज करणाऱ्या बाबूंवर त्यांचा भारी राग. बांधावरचं पीक नेहमीच बरं असतं, ते म्हणत, तिथं शेणखत सांडते. म्हणून ते खिशात मोटारीची जुनी तिकिटं ठेवत. बांधावर पोचलं की डोळे मिटून एक तिकीट काढायचं आणि त्यावरच्या शेवटच्या दोन आकड्यांइतकी पावलं सरळ आत चालायचं. जिथे पाय थांबेल तिथली दहा झाडं मोजायची. मग तिथे काटे असोत, चिखल असो. एकदा सत्त्याण्णव आला आणि ते कास्तकाराच्या विहिरीच्या काठावर जाऊन थांबले. कास्तकार घाबरून ओरडला, "बाबू, आता तरी थांबा!" खंडारेबाबू म्हणाले, "अजून तीन पावलं राह्यले." शेवटी मी त्यांना सदरा धरून मागे ओढलं. पुढचा आठवडाभर ती तीन पावलं त्यांच्या मनाला खात होती.

कास्तकार त्यांना धरून बसत. "बाबू, सहा आणे लिहा ना, सारा माफ होईन. काय जाते तुमचं?" ते कपाशीचं एक बोंड हळूच हातात धरत, जणू आजारी माणसाची नाडी पाहताहेत, आणि म्हणत, "मी नाही ना लिहीत बावा. पराटी सांगते, मी ऐकतो."

हसू येई. पण जवळून पाहिलं तर त्या माणसाची काळजी थट्टेवारी नेण्यासारखी नव्हती. ते मूळचे पातूरकडचे. पूर्वी अकोल्याच्या कचेरीत होते आणि बायकामुलं मुलांच्या शाळेसाठी अजून अकोल्यालाच होती. बौद्ध धर्माची दीक्षा घेतलेलं कुटुंब. घराण्यात शाळेचं तोंड पाहिलेले हे पहिले, आणि सरकारी खुर्चीत बसलेलेही हेच पहिले. एकटेच सरकारी खोलीत राहत, एकटेच भाकरी भाजत. एकदा मी त्यांना विचारलं, "बाबू, तुम्ही एवढे घाबरता कशाला? सगळेच चुकतात." ते म्हणाले, "तुमी चुकले त देशपांडे चुकला म्हणतीन. मी चुकलो त म्हणतीन, यायले खुर्चीत बसवलंच काहून?" मी काहीतरी सारवासारव केली. ते मात्र बरोबर बोलत होते, हे मला तेव्हाही कळत होतं.

आणि माझीही गोष्ट सांगून टाकतो. वर्ष होत आलं तरी मी त्यांना एकदाही माझ्या खोलीवर चहाला बोलावलं नव्हतं. काकूच्या ओट्याखाली ते उभे राहत आणि कानतुटका एक कप वेगळ्या कोनाड्यातून येई. ते चहा घेत, कप स्वतः धुऊन ठेवत आणि काकूच्या गुडघ्याची चौकशी करत.

दुसऱ्या वर्षी आखाडात पाऊस बरा झाला. ज्वारी वर आली, पराटी वर आली, मूग फुलावर आला आणि मग आभाळ जे कोरडं पडलं ते पडलंच. पहिला आठवडा लोकांनी डवरणीत, पिकाच्या ओळींमधली माती हलवण्यात, घालवला. दुसऱ्या आठवड्यात मूग करपला. तिसऱ्यात ज्वारीची पानं दुपारी सुरळी करून बसू लागली. पाऊस नाही म्हणून वावरात गवत नाही, गवत नाही म्हणून निंदण नाही आणि निंदण नाही म्हणून मजुराला काम नाही. बाजारचौकात सकाळी कामाची वाट पाहत उभ्या राहणाऱ्या बाया दहा वाजेपर्यंत तशाच उभ्या असत, मग विळे पदराखाली घेऊन घरी जात. खंडारेबाबू रोज त्यांच्या समोरून कचेरीत येत. त्यांनी आधी दाढी सोडली, मग रात्रीचं जेवण सोडलं. दर दहा मिनिटांनी खुर्चीवरून उठून खिडकीशी जात. त्यांच्यासोबत मीही उठू लागलो. कचेरीत आम्ही दोघं सारखे उठबस करत असू आणि काम कोणाचंच होत नसे.

जिल्ह्यात तेव्हा टंचाईची यादी तयार होत होती. ज्या तालुक्यांत पावसाचा रकाना कोरडा, तिथे रस्त्याची कामं निघणार, खडी फोडायला माणसं लागणार आणि रोजची मजुरी मिळणार होती. त्या यादीत आमच्या तालुक्याचं नाव जाणं किंवा न जाणं हे त्या भांड्यावर होतं. बाजारचौकातल्या बायांना हे माहीत नव्हतं. खंडारेबाबूंना माहीत होतं, म्हणून ते झोपत नव्हते.

गावाला मात्र भांड्याबद्दल दुसरंच काही वाटू लागलं होतं. एक दिवस पावसासाठी धोंडी काढून, कडुनिंबाचे डहाळे आणि काठीला बांधलेला बेडूक घेऊन, बायापोरांचा घोळका थेट कचेरीच्या मागं आला. कुंपणाला हळदकुंकू लागलं. कोणी नारळ फोडला. कोणी तांब्या उचलला तसे खंडारेबाबू धावत जाऊन मधे उभे राहिले. "बायाहो, हे देव नाही, सरकारी भांडं हाये!" एक म्हातारी म्हणाली, "मंग सरकारचा देव असन. त्याचा घसा कोरडा पडला त तो पाणी कसा ओढीन?" शेवटी कुंपणाबाहेरच्या एका दगडावर पूजा करायची, असा तह झाला. ज्यांच्या आजीला या गावच्या विहिरीवर उभं राहू दिलं नसतं, त्या माणसाला आता गावाला पाण्यापासून लांब उभं करावं लागत होतं. हे मला त्या वेळी सुचलं नाही. मी नारळाचं खोबरं खात होतो.

आणि चौथ्या आठवड्यात खंडारेबाबूंना हिवताप भरला.

इतक्या वर्षांत त्यांनी एकही सकाळ चुकवली नव्हती. संध्याकाळी मला खोलीवर बोलावून त्यांनी कुंपणाची किल्ली दिली आणि तासभर सूचना दिल्या. नरसाळं पुसायचं कोणत्या फडक्यानं, पालथं पडायचं कोणत्या कुशीनं, डोळा कुठला मिटायचा. आत्ता जाऊन एकदा आतून पुसून या, असंही सांगितलं. मी गेलो, पुसलं आणि किल्ली हातात आल्याचा मोठेपणा घरी जाऊन काकूला सांगितला. कुलूप मी नुसतंच कडीत अडकवून आलो होतो.

सकाळी साडेआठला मी बाटली काढली आणि पाहतच राहिलो. बाटलीत पाणी. चांगलं घसघशीत. मी पालथा पडलो, डोळा मिटला, पाहिलं. सव्वा इंच. आभाळ निळंभोर होतं. पण मी गाढ झोपणारा माणूस, रात्री एखादी सर येऊन गेली असेल. कुंपणातली माती ओलसरही दिसत होती. पाह्यलं तेवढंच लिहा! मी रजिस्टरात माझ्या पाच आणे अक्षरात एक इंच पंचवीस सेंट लिहिलं, पाणी नियमाप्रमाणे ओतून दिलं आणि समोरच्या टपाल कचेरीतून अमरावतीला तार ठोकली.

तहसीलदारसाहेबांना एवढा आनंद झाला की त्यांनी मला खुर्ची दिली. ते पुण्याकडचे. बदलीची वाट पाहत होते आणि आपल्या तालुक्याचं नाव टंचाईच्या यादीत जाणं म्हणजे आपलीच नाचक्की असं त्यांना वाटे. "बघा, आला की नाही पाऊस!" ते म्हणाले. रात्री कोणालाच पाऊस दिसला कसा नाही, हे त्यांनी विचारलं नाही. मीही नाही.

शिपायानं ही आनंदाची बातमी खंडारेबाबूंच्या खोलीवर नेली. पंधरा मिनिटांत ते घोंगडी पांघरून पटांगणात हजर. माझ्याशी एक शब्द न बोलता कुंपणाबाहेर बसले आणि बोट मातीत खुपसलं. कोरडी. दहा पावलांवर खुपसलं. कोरडी. मग कुंपणात नरसाळ्याच्या बुडाशी खुपसलं. तिथे ताटलीएवढी ओल होती. ते उठले, नरसाळ्यात वाकून पाहिलं आणि आतल्या कडेला चिकटलेलं तुळशीचं एक पान चिमटीत धरून माझ्यापुढे केलं.

"आभाळातून तुळस पडली का, देशपांडे?"

मी पान उलटसुलट करून पाहिलं. "घरून एक तांब्या घेऊन या," ते म्हणाले. मी धावत गेलो. काकूनं देवघरातला तांब्या भरून हातात दिला आणि विचारलं, "पुन्हा वाहायचं का रे? पहाटे आंघोळ झाल्यावर मी घालून आले की. कडीले कुलूप होतं, पण लागलेलं नव्हतं. म्हटलं, बापड्याचा घसा ओला करावा."

तो तांब्या खंडारेबाबूंनी माझ्यादेखत नरसाळ्यात रिकामा केला आणि माप पाहिलं. सव्वा इंच. केसभर इकडे नाही की तिकडे नाही. तळहाताएवढ्या तोंडात एक तांब्या म्हणजे अख्ख्या तालुक्यावर सव्वा इंच पाऊस, हे गणित मला त्या दिवशी कळलं. बाजारचौकातल्या सगळ्या बायांचं काम काकूच्या त्या तांब्यात बुडलं होतं.

मी त्यांना काकूचं सांगितलं. ते म्हणाले, "बुढीचं नाव कुठीच घेऊ नका. तिनं देवाले पाणी देल्लं." आणि तसेच घोंगडीत साहेबांच्या खोलीत शिरले. मी मागोमाग.

"सायेब, सकाळची तार चूक हाये. आज पाऊस नाही. दुरुस्ती पाठवा लागते."

साहेबांचा चेहरा उतरला. "अहो खंडारे, तार गेली. आता कशाला उकरता? पडलाही असेल."

"नाही पडला, सायेब. तुमी चुकून राहिले."

पुण्याच्या कानांना हे फार लागलं. साहेब ताडकन उभे राहिले. "चुकतोय कोण ते कळेलच! दुरुस्ती पाठवायची तर लेखी खुलासा लागेल. वाचन कोणी घेतलं?"

मी दाराशी उभा होतो. माझी नोकरी अजून कच्ची, पक्की झाल्याचा कागद यायचा होता. वडील काय म्हणतील. तोंड उघडायला हवं होतं, पण ते उघडेचना.

"मी घेतलं," खंडारेबाबू म्हणाले. "तापात होतो. चुकलो."

रजिस्टरात अक्षर माझं होतं. साहेबांनी रजिस्टर मागवलंही नाही. "तरीच," ते खाली बसत म्हणाले. "मला वाटलंच होतं."

खुलासा लिहून झाला. यादी दुसऱ्या दिवशी मुंबईला जाणार होती. तारेवर काम भागणार नाही, कागद हातानं नेऊन द्या, असं ठरलं आणि आजारी माणसाबरोबर कोणीतरी हवं म्हणून मला धाडलं. मोटारीत खंडारेबाबू दर मैलाला विचारत होते, "कचेरी बंद त नाही होणार ना? तो बाबू जेवाले त नाही गेला असणार ना?" अंगात ताप फणफणत होता आणि कागद त्यांनी सदऱ्याच्या आत, छातीशी धरला होता. अमरावतीच्या जिल्हा कचेरीत आम्ही पोचलो तेव्हा यादीचं पाकीट बंद करणं तेवढं बाकी होतं. तिथल्या बाबूनं खुलासा वाचला, सव्वा इंचावर लाल शाईची रेघ मारली, शून्य केलं आणि आमच्या तालुक्याचं नाव यादीत घातलं. खुलाशाची नोंद खंडारेबाबूंच्या सर्व्हिस बुकात होईल, असंही त्यानं सांगितलं. इतक्या वर्षांतली पहिलीच. "होऊ द्या," खंडारेबाबू म्हणाले आणि यादीत नाव नीट लिहिलंय की नाही, ते पुन्हा एकदा वाचून घेतलं.

परतीच्या वाटेवर मोटार वलगावला पाण्यासाठी थांबली. सगळे उतरले. आम्ही दोघंच आत होतो. आता नाही बोललो तर कधीच बोलणार नाही, असं वाटून मी म्हणालो, "बाबू, मी सांगायला पाहिजे होतं. वाचन माझं होतं. कुलूपही मीच नीट लावलं नव्हतं."

"सांगून काय झालं असतं? तुमचे वकीलसाहेब आले असते. सायेबानं रजिस्टर काढलं असतं, चौकशी लावली असती. चौकशीले पंधरा दिवस. यादी त उद्या जाते." ते थोडा वेळ धापा टाकत राहिले. "माझ्या नावावर चूक लवकर पटते, देशपांडे. कोणी रजिस्टर उघडून पाहत नाही. आज तेच कामी आलं."

मला स्वतःची लाज वाटत होती आणि ती त्यांना दिसू नये असं वाटत होतं.

मग ते आपणहून बोलू लागले. "माझी माय पातूरच्या सडकेवर खडी फोडे. मी सात-आठ वर्साचा असन. झाडाखाली बसून राहो. त्या साली आमच्या वस्तीतले दोन लेकरं गेले. मंग काम निघालं आन आमी वाचलो. माय मरेपर्यंत म्हणे, सरकारले आपली दया आली. मी नोकरीत लागलो, अकोल्याच्या कचेरीत. एक दिवस दप्तरखान्यातून त्या सालचं पावसाचं रजिस्टर काढून पाह्यलं. वळीनं शून्य, देशपांडे. सगळा श्रावण, सगळा भादवा. वरून कोणी म्हटलंच असन तिथल्या बाबूले, टाक थोडा पाऊस म्हणून. पण त्यानं एक थेंब टाकला नाही."

"कोण होता?"

"खाली सही होती. वाळवीनं खाल्ली." त्यांनी घोंगडी गळ्यापर्यंत ओढून घेतली. "लय बारकाईनं पाह्यलं मी. कंदील धरून पाह्यलं. नाव नाही लागलं."